हस्तनियंत्रकविरहित गतिसंवेदन, व्हिडिओ खेळांतील

खेळाडूच्या हाती कोणतेही साधन न देता त्याच्या शरीराच्या हालचाली, हावभाव व आवाज यांचा यंत्राने वेध घ्यावयाचा आणि त्यांच्या आधारे पडद्यावरील खेळ चालवावयाचा, या पद्धतीस हस्तनियंत्रकविरहित गतिसंवेदन म्हणतात. दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ खेळ खेळण्यासाठी वापरावयाचे यंत्र कन्सोल या नावाने ओळखले जाते. त्याच्याबरोबर मिळणारे, दोन्ही हातांत धरावयाचे आणि बटणे व छोट्या दांड्या बसविलेले साधन म्हणजे हस्तनियंत्रक किंवा कंट्रोलर होय. हे साधन वगळून खेळण्याची कल्पना जुनी असली, तरी ती लक्षावधी घरांत पोहोचली ती मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये विक्रीस आणलेल्या किनेक्ट या संवेदकामुळे. प्रारंभी विक्रमी खप झालेले हे उपकरण सात वर्षांतच उत्पादनातून बाद झाले. त्याच्या यशापयशाची मीमांसा केवळ तांत्रिक गुणदोषांवरून पुरी होत नाही. खेळणाऱ्यांनी त्याविषयी कोणती मते बनविली आणि ती का बदलली, हे पाहावे लागते. खेळाडूंच्या या मतांत संवेदकाच्या अचूकतेइतकाच तो वापरण्याचे वा न वापरण्याचे स्वातंत्र्य कोणाकडे असावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

पूर्वपीठिका : मायरन क्रूगर या अमेरिकन कलावंत-संगणकतज्ञाने १९७० नंतरच्या दशकात व्हिडिओप्लेस ही मांडणी तयार केली. तीत प्रेक्षकाची छायाकृती पडद्यावर उमटे आणि ती तेथील चित्रांशी खेळू शके. हा प्रयोग कलाक्षेत्रातील होता. घरगुती खेळांच्या बाजारात ही कल्पना आणण्याचे पहिले प्रयत्न मात्र ओबडधोबड होते. ब्रॉडरबंड या कंपनीचे यू-फोर्स हे साधन १९८९ मध्ये निन्टेंडोच्या कन्सोलसाठी निघाले. उघडलेल्या पेटीसारख्या या साधनासमोर हात हलविले, की त्यातील अवरक्त संवेदकांना त्यांचा सुगावा लागे. सेगा कंपनीने १९९३ मध्ये ॲक्टिव्हेटर नावाची अष्टकोनी चौकट आणली. ती जमिनीवर ठेवून खेळाडूने मध्ये उभे राहावयाचे आणि चौकटीतून वर जाणारे अवरक्त किरण हातापायांनी तोडावयाचे, अशी तिची योजना होती. परंतु किरण तोडल्याचा अर्थ यंत्राच्या लेखी एक बटण दाबले एवढाच होता. म्हणजे अंगठ्याने क्षणात होणारे काम लाथ मारून, उशिरा व बेभरवशाने होऊ लागले. ही दोन्ही साधने थोड्याच काळात विस्मृतीत गेली. शरीर मोकळे करतो असे सांगून शरीरालाच बटणाच्या दावणीला बांधावयाचे, हा त्यांतील मूळ दोष पुढील अनेक खेळांतही आढळतो.

सोनी कंपनीचा आयटॉय हा कॅमेरा २००३ मध्ये प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी आला. रिचर्ड मार्क्स हे त्याच्या विकासामागील प्रमुख तज्ञ होत. खेळाडूचे चित्र पडद्यावर दिसे आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून यंत्र हालचाल ओळखे. काचा पुसणे, चाल करून येणाऱ्या चिमुकल्या योद्ध्यांना झटकून टाकणे असे लहान लहान खेळ त्यात होते. पाहुणे जमले असता घटकाभर करमणूक करणारे साधन म्हणून लोकांनी ते आवडीने घेतले व त्याचा खप एक कोटीच्या वर गेला. त्याला खोलीची कल्पना मात्र नव्हती. हात पुढे आला की बाजूला गेला, हे त्याला नीट कळत नसे आणि प्रकाश अपुरा असल्यास तो गोंधळे. निन्टेंडोने २००६ मध्ये वी हा कन्सोल आणून वेगळा मार्ग चोखाळला. त्याचा नियंत्रक हातातच राहिला. परंतु प्रवेगमापक व अवरक्त कॅमेरा यांच्या साहाय्याने त्याची हालचाल मोजली जाऊ लागली. हातातील कांडी रॅकेटसारखी फिरवून टेनिस खेळता येते, हे पाहून व्हिडिओ खेळांना कधी हात न लावलेली वडीलधारी माणसेही खेळू लागली. वीचे दहा कोटींहून अधिक संच विकले गेले. या यशाला उत्तर म्हणून सोनीने सप्टेंबर २०१० मध्ये मूव्ह ही प्रकाशगोल बसविलेली कांडी आणली, तर मायक्रोसॉफ्टने कांडीच काढून टाकण्याचे ठरविले.

किनेक्टची रचना व कार्य : लॉस अँजेल्स येथील ई-थ्री प्रदर्शनात १ जून २००९ रोजी हा प्रकल्प नाताल या सांकेतिक नावाने जाहीर झाला. हे नाव ब्राझीलमधील नाताल या शहरावरून ठेवलेले होते. प्रकल्पाचे एक प्रवर्तक ॲलेक्स किपमन हे मूळचे ब्राझीलचे होत. त्या प्रसंगी खेळरचनाकार पीटर मॉलिन्यू यांच्या चमूने मायलो नावाचा एक काल्पनिक मुलगा दाखविला. समोरच्या व्यक्तीचा चेहरा व बोलणे ओळखून तो तिच्याशी संवाद साधत असल्याचे भासविण्यात आले. हा खेळ पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्याने निर्माण केलेल्या अपेक्षा मात्र टिकून राहिल्या आणि प्रत्यक्ष उपकरणाविषयी पुढे झालेल्या निराशेचा बराच भाग या अपेक्षांकडे जातो.

एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठी बनविलेल्या पहिल्या किनेक्टमध्ये अवरक्त किरणांचा प्रक्षेपक, ते किरण टिपणारा कॅमेरा, रंगीत चित्रे घेणारा दुसरा कॅमेरा, चार ध्वनिग्राहकांची रांग आणि संवेदक वरखाली कलता करणारे चलित्र असे भाग होते. अंतर मोजण्याचे तंत्र प्राइमसेन्स या इझ्राएली कंपनीचे होते. प्रक्षेपक खोलीभर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशबिंदूंची एक ठराविक नक्षी टाकतो. वस्तू जवळ वा दूर असेल त्यानुसार ही नक्षी कॅमेऱ्याला सरकलेली दिसते. स्मृतीत साठविलेल्या मूळ नक्षीशी तुलना करून, जमीन मोजणीत वापरतात त्या त्रिकोणीकरणाच्या तत्त्वाने, प्रत्येक स्थानाचे अंतर काढले जाते. यामुळे खोलीतील दिव्यांच्या प्रकाशावर यंत्राला अवलंबून राहावे लागत नाही. थेट सूर्यप्रकाशात मात्र त्यातील अवरक्त किरणांमुळे नक्षी पुसट होते. असे चित्र सेकंदाला ३० वेळा घेतले जाते.

अंतराच्या या नकाशातून माणूस ओळखणे हे खरे अवघड काम होते. केंब्रिज (इंग्लंड) येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत जेमी शॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साध्य केले. नकाशातील प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा आहे, याचा निर्णय शिकविलेल्या निर्णयवृक्षांच्या समूहाकडून घ्यावयाचा आणि त्यावरून सांध्यांची स्थाने काढावयाची, अशी त्यांची रीत होती. शिकवणीसाठी वेगवेगळ्या अंगलटींच्या व पवित्र्यांच्या लक्षावधी कृत्रिम आकृती संगणकावर तयार करण्यात आल्या. पहिला किनेक्ट एका वेळी सहा माणसांची दखल घेई व त्यांपैकी दोघांच्या प्रत्येकी २० सांध्यांचा मागोवा घेई. या कार्याबद्दल केंब्रिजच्या चमूस ब्रिटनच्या रॉयल ॲकॅडेमी ऑफ इंजिनिअरिंगचे मॅक्रॉबर्ट पारितोषिक २०११ मध्ये मिळाले. यंत्राचे उत्तर अर्थात संभाव्यतेवर आधारलेले असते. खुर्चीवर टाकलेला कोट किंवा दारामागची अडगळ यांतही त्याला कधी कधी माणसाचा सांगाडा दिसतो. अमेरिकेतील भुतांचा शोध घेणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे किनेक्ट मोठ्या प्रमाणावर वापरले, ते या दोषाला पुरावा मानूनच.

शरीराचा मागोवा घेण्यासाठी संवेदकातच स्वतंत्र प्रक्रियक बसविण्याचा मूळ बेत होता. तो खर्चासाठी सोडून देण्यात आला आणि हे काम कन्सोलच्या प्रक्रियकाकडे सोपविण्यात आले. हालचाल करणे, तिचे चित्र घेणे, सांगाडा काढणे, त्याचा अर्थ लावणे व परिणाम पडद्यावर दाखविणे या साखळीत क्षणाच्या काही अंशाचा विलंब अटळ होता. सामान्य माणसाला नगण्य वाटणारा हा अंशच खेळाडूंच्या वादाचे मुख्य कारण ठरला.

खेळाडूंची मते : किनेक्ट ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत सु. १५० डॉलर किमतीस विक्रीस आला. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लक्ष नग विकले गेले. सर्वांत वेगाने खपलेले ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिकी उपकरण म्हणून गिनीज विक्रमांत त्याची नोंद झाली. विक्रीचा हा आकडा ग्राहकांच्या उत्सुकतेचा निदर्शक आहे. वारंवार खेळणाऱ्यांचे मत अजमावण्यास तो पुरेसा नाही.

व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांत स्थूलमानाने दोन वर्ग मानले जात : वर्षानुवर्षे नेमाने खेळणारे कसलेले खेळाडू व प्रसंगोपात्त खेळणारे हौशी. किनेक्टचे स्वागत मुख्यतः दुसऱ्या वर्गाने केले. बारा-चौदा बटणे असलेला नियंत्रक हाती देताच गोंधळून जाणारी माणसे किनेक्टसमोर उभी राहताच खेळू लागत. खेळ शिकण्याआधी साधन शिकावे लागे, ती पायरीच नाहीशी झाली. लहान मुले, आजी-आजोबा व दिवाणखान्यात एरवी केवळ प्रेक्षक म्हणून बसणारे कुटुंबीय खेळात ओढले गेले, ही गोष्ट किनेक्टचे टीकाकारही मान्य करीत. व्यायाम करू इच्छिणाऱ्यांनाही हे साधन उपयुक्त वाटले. कारण वीची कांडी नुसते मनगट हलवूनही फसविता येई, तर किनेक्टला गुडघा खरोखर वाकलेला दिसावा लागे.

हार्मोनिक्स या कंपनीचा डान्स सेंट्रल (२०१०) हा नृत्याचा खेळ दोन्ही वर्गांच्या पसंतीस उतरला व त्याचे कारण उद्‌बोधक आहे. नृत्यात पुढची हालचाल कोणती, हे पडद्यावरील चित्रपत्त्यावरून खेळाडूला आधीच कळते. तो यंत्राच्या उत्तराची वाट पाहत नाही, संगीताच्या ठेक्यावर नाचतो आणि यंत्र मागाहून गुण देते. त्यामुळे विलंब असूनही जाणवत नाही. शिवाय नाचताना हात मोकळे असणे हे स्वाभाविकच आहे. याउलट अचानक समोर आलेल्या शत्रूला चुकविणे, गोळी झाडणे किंवा ठोसा परतविणे यांसाठी तत्काळ प्रतिसाद लागतो. फायटर्स अनकेज्ड (२०१०) या मारामारीच्या खेळात मारलेला ठोसा पडद्यावर उशिरा उमटे किंवा उमटतच नसे. त्यावर खेळाडूंनी व समीक्षकांनी सारखीच कठोर टीका केली. हरल्यावर दोष आपला की यंत्राचा, हे कळेनासे झाले म्हणजे स्पर्धेत राम उरत नाही, ही कसलेल्या खेळाडूंची तक्रार होती आणि ती रास्तच म्हणावी लागते. कौशल्य वाढविण्यासाठी साधन प्रत्येक वेळी सारखेच वागले पाहिजे. बॅटची पकड दर चेंडूला बदलू लागली, तर फलंदाजाला सरावाचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप रिकाम्या हातांविषयी होता. नियंत्रकाच्या बटणाला उंचवटा असतो, ते दाबल्याची जाणीव बोटाला होते, धक्का बसला की नियंत्रक थरथरतो. हवेत हात फिरविणाऱ्याला असा कोणताही प्रतिसाद मिळत नाही. तलवारीचा वार समोरच्या ढालीवर पडला, तरी हात अडत नाही. यादीतून एखादी गोष्ट निवडण्यासारखी साधी कृतीही जड झाली. बटणच नसल्याने निवड पक्की झाली हे कळविण्यासाठी हात चित्रावर काही क्षण तसाच धरून ठेवावा लागे, आणि हात तरंगत ठेवून दुखू लागत. डान्स सेंट्रलच्या रचनाकारांनी हात बाजूला सरकवून निवड करण्याची सोपी पद्धत काढली, म्हणून त्या खेळाच्या मांडणीचीही वेगळी वाखाणणी झाली. चालण्याचा प्रश्न तर कोणालाच समाधानकारकपणे सोडविता आला नाही. पडद्यावरील जग कितीही विस्तीर्ण असले, तरी खेळाडू दिवाणखान्यात चार पावलांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून पुष्कळ खेळांत पात्र आपोआप पुढे जाई व खेळाडूने केवळ हात चालवावयाचे असत. फेबल : द जर्नी (२०१२) मध्ये खेळाडूला बसवून घोडागाडीचे लगाम त्याच्या हाती कल्पिले, ती याच अडचणीतून काढलेली वाट होती. मोकळेपणाच्या आशेने आलेल्या खेळाडूंना हे रूळांवरून जाणे पटले नाही.

या बाबतीत स्टील बटॅलियन या खेळाचे उदाहरण लक्षणीय आहे. अवाढव्य युद्धयंत्राच्या चालकाची भूमिका देणारा हा खेळ २००२ मध्ये पहिल्या एक्सबॉक्ससाठी निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सु. ४० बटणे, दोन दांडे व पायांखालच्या तीन पट्ट्या असलेला महाकाय नियंत्रक मिळे. तो महाग व अवजड होता, तरी शौकिनांनी त्याचे कौतुक केले. त्याचा उत्तराधिकारी स्टील बटॅलियन : हेवी आर्मर (२०१२) किनेक्टसाठी बनविण्यात आला. नेहमीच्या नियंत्रकाबरोबरच चालकासमोरील कळा व खटके हवेतल्या हवेत ओढावयाचे, अशी त्याची योजना होती. यंत्र एका कळीऐवजी दुसरीच कळ ओढल्याचे मानी आणि ऐन लढाईत खिडकी बंद होण्याऐवजी भलतेच काही घडे. ज्या खेळाचा आनंदच हातांखालच्या वस्तूंच्या स्पर्शात होता, त्यातून वस्तूच काढून घेतल्यावर काय उरते, याचा हा जणू प्रयोगच झाला. समीक्षकांनी त्याची गणना किनेक्टच्या सर्वांत फसलेल्या खेळांत केली.

काही आक्षेप खेळाचे नसून घराचे होते. एका खेळाडूने संवेदकापासून सु. १·८ मी. व दोघांनी सु. २·४ मी. अंतरावर उभे राहावे, अशी कंपनीची शिफारस होती. अमेरिकन उपनगरांतील प्रशस्त दिवाणखान्यांत हे जमण्याजोगे असले, तरी ब्रिटन व जपान येथील लहान घरांत, तसेच वसतिगृहांच्या खोल्यांत टेबल, पलंग सरकवूनही तेवढी जागा निघत नसे. ‘माझी खोलीच या खेळात नापास झाली’ अशा आशयाची तक्रार वारंवार आढळते. जागेच्या टंचाईमुळे नवे साधन घेऊनही न वापरणाऱ्यांची संख्या किती होती, हे विक्रीच्या आकड्यांतून दिसत नाही. दिवसभराच्या कामानंतर थकून कोचावर टेकणाऱ्या माणसाला विश्रांतीसाठी उभे राहून उड्या मारावयास सांगणे, यातील विसंगतीही खेळाडूंनी बोलून दाखविली.

अपंग खेळाडूंची मते विभागलेली होती. बोटांची पकड नसलेल्या काहींना नियंत्रकाच्या जाचातून प्रथमच सुटका झाल्यासारखे वाटले. याउलट चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांचा सांगाडा यंत्राला बरोबर ओळखता येत नसे, कारण त्याची शिकवण उभ्या शरीरावर झालेली होती. शरीर हेच नियंत्रक असे म्हटले, की कोणते शरीर गृहीत धरले आहे हा प्रश्न येतो. प्रारंभीच्या खेळांनी तो फारसा विचारात घेतला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंगांसाठी काढलेल्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर या साधनात नेमकी उलट दिशा दिसते. त्यात दोन मोठ्या कळा असून ज्याला जसे जमेल तसे बाहेरचे खटके, पट्ट्या किंवा फुंकनळ्या त्याला जोडता येतात.

खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर किनेक्टविषयीचे मत निःसंशय अनुकूल होते. अंतर मोजणारा एवढा स्वस्त कॅमेरा पूर्वी कधीच उपलब्ध नव्हता. विक्री सुरू होताच ॲडाफ्रूट या अमेरिकन इलेक्ट्रॉनिकी कंपनीने किनेक्ट साध्या संगणकाला जोडण्याची मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्यास बक्षीस जाहीर केले व काही दिवसांतच ते पटकाविले गेले. मायक्रोसॉफ्टने आधी नाराजी दर्शविली, परंतु लवकरच भूमिका बदलून २०११ मध्ये स्वतःच विकसनसाहित्य उपलब्ध केले. यंत्रमानवविद्या, पुनर्वसनोपचार, शस्त्रक्रियागृहात हात न लावता प्रतिमा चाळणे, संग्रहालयांतील मांडण्या अशा अनेक क्षेत्रांत किनेक्टचा उपयोग होऊ लागला. जेथे क्षणाच्या अंशाचे महत्त्व नाही व जागा मुबलक आहे, तेथे त्याचे दोष दोष राहिले नाहीत.

सक्तीचा प्रश्न : फेब्रुवारी २०१३ पर्यंत किनेक्टचा खप २ कोटी ४० लक्षांवर गेला होता. त्या बळावर मायक्रोसॉफ्टने पुढील कन्सोलमध्ये तो अविभाज्य करण्याचे ठरविले. एक्सबॉक्स वन हा कन्सोल २१ मे २०१३ रोजी जाहीर झाला. त्याच्यासोबतच्या नव्या किनेक्टमध्ये बिंदूंच्या नक्षीऐवजी प्रकाश जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढण्याचे तंत्र होते. त्याचे चित्र अधिक रेखीव होते व तो सहा माणसांच्या प्रत्येकी २५ सांध्यांचा मागोवा घेऊ शके. तांत्रिक दृष्ट्या तो पहिल्यापेक्षा पुष्कळच सरस होता, आणि तरीही खेळाडूंनी नाकारला तो हाच.

याची कारणे दोन होत. किनेक्टसह नव्या कन्सोलची किंमत ४९९ डॉलर ठरली, तर सोनीचा प्लेस्टेशन ४ कॅमेऱ्याविना ३९९ डॉलरला मिळणार होता. किनेक्ट नको असणाऱ्यालाही त्याचे पैसे मोजावे लागत. दुसरे कारण अधिक गंभीर होते. किनेक्ट जोडलेला नसल्यास कन्सोल चालणारच नाही, असे कंपनीने प्रथम सांगितले. कन्सोल बंद असतानाही तो सुरू करण्याची आज्ञा ऐकू यावी, म्हणून ध्वनिग्राहक जागा राहणार होता. खोलीत किती माणसे आहेत, ती कोण आहेत, हे ओळखू शकणारा कॅमेरा सतत आपल्याकडे रोखलेला असणार, ही कल्पना अनेकांना अस्वस्थ करणारी होती. जर्मनीचे तत्कालीन संघीय विदासंरक्षण आयुक्त पेटर शार यांनीही तिच्यावर टीका केली. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकन सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी टेहळणीची व्याप्ती जगापुढे आली व तीत मोठ्या संगणककंपन्यांची नावे होती. त्यानंतर ध्वनी व चित्रे घराबाहेर पाठविली जात नाहीत, हे कंपनीचे आश्वासन पुरेसे वाटेनासे झाले. कन्सोलवरील खेळांच्या पुनर्विक्रीच्या व आंतरजालजोडणीच्या जाचक अटींमुळे खेळाडू आधीच संतापले होते. त्या अटी जूनमध्ये मागे घेतल्यावर, ऑगस्ट २०१३ मध्ये किनेक्टच्या जोडणीची सक्तीही रद्द करण्यात आली.

कसलेल्या खेळाडूंना आणखी एक गोष्ट खुपली. नव्या कन्सोलच्या चित्रप्रक्रियकाची सु. १० टक्के शक्ती किनेक्ट इत्यादींसाठी राखून ठेवलेली होती. प्रतिस्पर्धी कन्सोलवर तेच खेळ अधिक रेखीव दिसत असताना, आपण न वापरलेल्या साधनासाठी आपल्या खेळाची प्रत उतरते आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. आवाजाने कन्सोल चालविण्याची सोय काहींना मनापासून आवडली होती. हात गुंतलेले असताना चित्रपट थांबविणे तिने सोपे झाले. तथापि तिलाही अपघात होतच. २०१४ मध्ये एका जाहिरातीतील अभिनेत्याने उच्चारलेली आज्ञा दूरचित्रवाणीवर ऐकून अनेकांच्या घरचे कन्सोल आपोआप सुरू झाले.

अखेर ९ जून २०१४ पासून किनेक्टविना एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला विकला जाऊ लागला आणि राखीव प्रक्रियाशक्ती खेळरचनाकारांसाठी मोकळी करण्यात आली. या निर्णयाचे बहुसंख्य खेळाडूंनी स्वागत केले. काहींनी मात्र तो विश्वासघात मानला. प्रत्येक कन्सोलसोबत किनेक्ट असणार, म्हणून त्यासाठी चांगले खेळ बनतील, या भरवशावर त्यांनी जादा पैसे मोजले होते. सर्वांकडे किनेक्ट नसल्याने आता रचनाकारांना त्यासाठी खेळ बनविणे परवडेना व खेळ नसल्याने किनेक्ट कोणी घेईना. आपल्या मताला मान मिळाला म्हणून एक वर्ग संतुष्ट झाला, पण त्याची किंमत दुसऱ्या, संख्येने लहान व फारसा आवाज न करणाऱ्या वर्गाने दिली. घरातील मुलांबरोबर व वृद्धांबरोबर किनेक्ट वापरणारी माणसे खेळविषयक नियतकालिकांत पत्रे लिहिणारी नव्हती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्या काळची जी मते आज उपलब्ध आहेत, ती बव्हंशी कसलेल्या खेळाडूंची आहेत.

उत्तरकाल : किनेक्टचे उत्पादन थांबविल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केले. तोपर्यंत दोन्ही आवृत्त्या मिळून त्याचे सु. ३·५ कोटी नग विकले गेले होते. २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्सच्या नव्या पिढीत त्याची जोडणीच ठेवलेली नाही. उद्योग व संशोधन यांसाठी २०१९ मध्ये काढलेला अझ्युअर किनेक्ट हा संवेदकही २०२३ मध्ये बंद करण्यात आला. प्राइमसेन्स ही कंपनी २०१३ मध्येच ॲपलने विकत घेतली होती. २०१७ च्या आयफोन टेन या दूरध्वनीत चेहरा ओळखण्यासाठी अदृश्य बिंदूंची नक्षी वापरण्यात आली, तिचे किनेक्टच्या तंत्राशी जवळचे नाते आहे. जो वेध दिवाणखान्यात नको होता, तो खिशातील यंत्रात फारशी कुरकूर न होता स्वीकारला गेला. याचे एक कारण असे, की तेथे तो काही इंच अंतरावरच्या एकाच चेहऱ्यापुरता होता व नको असल्यास बंद ठेवता येत होता.

आभासी वास्तवाच्या शिरस्त्राणांत रिकाम्या हातांचा मागोवा घेण्याची सोय २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागली. तेथेही चपळाईच्या खेळांसाठी खेळाडू हातात धरावयाचे नियंत्रकच पसंत करतात. स्पर्शाच्या अभावाची जुनी तक्रार तशीच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत नेक्स प्लेग्राउंड हा लहानसा घनाकृती कन्सोल विक्रीस आला. साध्या रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रातून शरीराची ठेवण ओळखणाऱ्या या यंत्राला अंतर मोजणाऱ्या संवेदकाची गरज लागत नाही. तो कसलेल्या खेळाडूंसाठी नसून लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी आहे, हे त्याचे निर्माते उघडपणे सांगतात. वापरात नसताना कॅमेऱ्यावर बसवावयाचे चुंबकीय झाकणही त्याच्यासोबत मिळते.